निर्वासितांसाठी कायदा हवा, की साहेबाची मर्जी पुरे?

महालकर
आपल्या कायद्यापुढे परदेशी माणूस दोनच प्रकारचा: कागद असलेला आणि कागद नसलेला. जीव वाचवायला पळून आलेला, असा तिसरा खण त्या फॉर्मात नाहीच. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, १९६७ च्या पुरवणी करारावरही नाही. सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकांचा नवा कायदा लागू झाला, १९४६ च्या कायद्यासकट चार जुने कायदे गेले. निर्वासित म्हणजे कोण, हे त्यातही कुठे लिहिलेलं नाही.

मग आपण आसरा देत नाही का? देतो की. नागपूरचा जरीपटका फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभा केला. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. गडचिरोलीत मूलचेरा, चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाल्यांची गावंच्या गावं आहेत. पण प्रत्येकाची सोय वेगळ्या आदेशानं, वेगळ्या काळात, वेगळ्या सरकारच्या मनात आलं तशी.

माझं म्हणणं एवढंच: अर्ज कुठे करायचा, कोण तपासणार, किती दिवसांत सांगणार, नाकारलं तर अपील कुठे, आणि अपीलही हरला तर कधी परत जायचं, हे लिहून ठेवा. शशी थरूर यांनी २०१५ मध्ये असं खासगी विधेयक मांडलं होतं, ते तसंच राहिलं. सगळ्यांना घ्या असं मी म्हणत नाही. घेताना आणि हाकलताना एकच फूटपट्टी वापरा, असं म्हणतोय.

सुभाष रोडवाला
महालकर भाऊ, कागदावर लय छान दिसते हे. पण कायदा केला की हक्क येते, अन् हक्क आला की त्याच्या मागं तारखांवर तारखा येतात.

जर्मनीचं पहा ना. २०१५ मध्ये आठ-नऊ लाख लोक आले. अर्ज फेटाळला तरी माणूस जात नाही, कारण त्याचा देश त्याला परत घेत नाही. ब्रिटननं आसरा मागणाऱ्यांना रवांडाला पाठवायची टूम काढली, २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं ती बेकायदा ठरवली, २०२४ मध्ये नव्या सरकारनं गुंडाळली. पैसा गेला तो गेलाच. युरोपीय संघानं २०२४ मध्ये नवा करार केला, तो काय सांगते? सीमेवरच छाननी करा, तिथूनच परत धाडा. म्हणजे ज्यांनी हे कायदे जगाला शिकवले तेच आता दार लोटून राहिले, अन् आपण उघडायला निघालो.

आता आपलं १९७१ पहा. जवळपास एक कोटी लोक आले. कोणत्या कायद्याखाली घेतले? कोणत्याच नाही. छावण्या टाकल्या, रेशन दिलं, युद्ध संपल्यावर बहुतेक लोक परत गेले. तेव्हा कायदा असता तं एकेकाची सुनावणी अजून चालू राहिली असती. हात मोकळे होते म्हणून जमलं हे.

महालकर
हात मोकळे होते हे कबूल. पण ते तेव्हा चांगल्या कामाला लागले म्हणून दरवेळी लागतीलच, याची हमी कोण देणार?

जरीपटका बॉय
मी सिंधी, शाळा मराठी, त्यामुळे दोन्हीकडून बोलतो.

माझे मोठे मामा सिंधमधून २०१३ ला आले, लहान मामा २०१६ ला. गाव एक, गल्ली एक, पळून यायचं कारणही एक. मोठ्यांना सीएए, म्हणजे पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या बिगरमुस्लिमांना नागरिकत्व देणारा कायदा, लागू होतो, कारण त्यात ३१ डिसेंबर २०१४ ही तारीख आहे. लहान्यांना नाही. तुम्ही फूटपट्टी म्हणता ती आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर दोन तुकडे होऊन पडली आहे.

लाँग टर्म व्हिसा, म्हणजे इथे लांब मुदतीसाठी राहायची परवानगी, कशी असते ते सांगतो. मामीच्या कपाटात साड्यांच्या वर एक चेनवाली निळी फाईल आहे. पासपोर्ट, व्हिसाच्या मुदतवाढी, घरमालकाचं पत्र, हमी देणाऱ्याचं पत्र, पोलीस पडताळणी, सगळ्यांच्या पाच-पाच झेरॉक्स. घराला आग लागली तर मामी आधी ती फाईल काढेल, मग दागिने. पाकिस्तानी पासपोर्टची मुदत संपली की दिल्ली गाठा, म्हणजे ज्या देशातून जीव मुठीत धरून आलो त्याच देशाच्या खिडकीपुढे उभं राहा. २०१६ नंतर सवलती मिळाल्या, हे मान्य करायलाच हवं: पॅन कार्ड, लायसन्स, बँक खातं, राहायला एक घर घ्यायची मुभा, राज्यात कुठेही फिरायची मुभा. पण लग्न रायपूरला निघालं की आधी परवानगी, मग आहेराचं पाकीट.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तान्यांचे व्हिसा रद्द झाल्याची बातमी आली. हिंदूंचे लाँग टर्म व्हिसा त्यातून वगळल्याचा खुलासा होईपर्यंत आमच्या घरात कोणी जेवलं नाही.

तरीही मी सुभाषभाऊंच्या बाजूनं जास्त आहे. सीएए आला तो सरकारच्या मर्जीनंच आला ना? सर्वांना एकच कायदा करायला बसले असते तर आम्ही अजून रांगेत असतो.

कोर्टाची पायरी
जरीपटका दादा, तुमच्या मामांचं दुःख खरं, पण निष्कर्ष उलटा काढलात. मर्जीनं तारीख दिली आणि मर्जीनंच लहान मामांना तारखेच्या पलीकडे ठेवलं.

सुभाषजी, कायदा केला की कोर्ट येतं म्हणता. कोर्ट आत्ताही आहेच. १९९६ मध्ये पूर्व पाकिस्तानातून येऊन अरुणाचलात राहिलेल्या चकमांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क, फक्त नागरिकांचा नाही, चकमांनाही तो आहे आणि राज्यानं त्यांचं रक्षण केलं पाहिजे. आणि एप्रिल २०२१ मध्ये म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं म्हटलं की रीतसर प्रक्रिया पाळून त्यांना परत पाठवायला आडकाठी नाही. ती रीतसर प्रक्रिया कोणती, हे संसदेनं लिहिलेलं नाही, म्हणून प्रत्येक वकील आपापली प्रक्रिया घेऊन उभा राहतो. कज्जे कमी हवे असतील तर कायदा हवा.

आणि सीएएत श्रीलंकेचे तमिळ कुठे आहेत? त्यातले बरेचसे हिंदू आहेत, तामिळनाडूच्या छावण्यांत दुसरी-तिसरी पिढी वाढतेय. पाकिस्तानात छळ सोसणारा अहमदिया हा मुस्लिम पंथ? छळ हा निकष असेल तर ही यादी अर्धी आहे.

सुभाष रोडवाला
मॅडम, यादी अर्धी आहे कारण ती परराष्ट्र धोरणाची यादी आहे. हे कोणी उघड बोलत नाही म्हणून मी बोलतो.

कायद्यानं एखाद्याला निर्वासित ठरवलं म्हणजे त्याच्या सरकारला तुम्ही छळ करणारं म्हटलं. हा निवाडा झाला. १९५९ मध्ये दलाई लामा आले, आपण त्यांना ठेवून घेतलं, तिबेट्यांना वसाहती दिल्या, अन् चीनसंगं बोलणंही चालू ठेवलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना सत्ता गेल्यावर दिल्लीजवळ उतरल्या. ढाका त्यांना मागून राहिलं, आपण हो म्हटलं नाही अन् नाहीही म्हटलं नाही. तुमच्या कायद्याखाली काय केलं असतं? अर्जावर नव्वद दिवसांत निर्णय? एकीकडून ढाका नाराज, दुसरीकडून जुना मित्र उघड्यावर. शेजार असा असल्यावर काही गोष्टी लेखी न ठेवलेल्याच बऱ्या.

महालकर
हसीनाबाईंचा मुद्दा बिनतोड आहे, मानलं. पण देशाचा माजी प्रमुख आणि गोठणगावात जन्मलेला पोरगा यांना एका तराजूत कशाला घालता? दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं की २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला तिबेटी जन्मानंच नागरिक आहे. कायदा आधीपासून तसाच होता. तो वाचून घ्यायला एका मुलीला कोर्टात जावं लागलं. ही किंमत तोंडी कारभाराची.

खापरीचा ठेकेदार
मोठमोठ्या गोष्टी करून राहिले तुम्ही सगळे. माझ्या साइटवर या कधी.

प्लास्टरवाले मिस्त्री पश्चिम बंगालातल्या मुर्शिदाबाद, मालद्याचे. मराठी पोरं येत नाहीत त्या कामाले, मी बोलावून पाहिलं. आता कोणी बंगाली बोललं की शेजारचे लोक पोलिसाले फोन लावते. आधार दाखवलं तं म्हणते नकली असंल. बीरभूमची एक गरोदर बाई दिल्लीतून उचलून बांगलादेशात ढकलली होती, कोलकात्याच्या हायकोर्टानं सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं परत आणा. मोबाइलवर ते वाचल्यापासून माझा मिस्त्री गावाहून बापाच्या जमिनीचा कागद घेऊन आला, प्लास्टिकमध्ये गुंडाळून थापीसंगं ठेवते.

घुसखोर असंल तं काढा ना, कोण नाही म्हणते? पण आधी ठरवा तं खरं कोण आहे तो. काहून आधी ढकलता अन् मंग विचारता?

सुभाष रोडवाला
ठेकेदार साहेब, स्वस्त मजूर हवा म्हणून सीमा सैल ठेवायची का? तुमचा नफा अन् देशाची डोकेदुखी.

खापरीचा ठेकेदार
बीरभूम भारतात आहे भाऊ.

मूलचेरा मास्तर
गडचिरोलीचं नाव निघालं म्हणून लिहितो. माझ्या वर्गात बंगाली घरांतली मुलं निम्म्यावर आहेत. आजोबा खुलना-बारिसालचे, नातू मराठीत निबंध लिहितो आणि घरी आजीशी बंगालीत भांडतो. यांतले बरेचसे नामशूद्र. बंगालमध्ये त्यांची जात अनुसूचित यादीत आहे, महाराष्ट्रात नाही. म्हणजे देशात घेतलं, जमीन दिली, आणि शिष्यवृत्तीच्या खिडकीवर परत परके केले. आसरा दिला की काम संपलं, असं इथल्या चर्चेत सगळेच धरून चाललेत, महालकरही. त्यांच्या मसुद्यात आत घेणं आहे, हाकलणं आहे, मधली पन्नास वर्षं नाहीत.

आणि दुसरी बाजू, जी नागपुरातून दिसत नाही. वसाहती बसवल्या त्या भागात माडिया आणि गोंड आदिवासी आधीपासून होते. जंगल तोडून प्लॉट पाडताना त्यांना कोणी विचारलं नाही. आजही बाजाराच्या दिवशी दुकानात बसलेला बंगाली आणि मोहफुलं घेऊन आलेला माडिया, यांच्यात भावावरून जुंपते तेव्हा हा जुना हिशोब मधे येतोच. दिल्लीनं मन मोठं केलं, जागा दुसऱ्याची गेली. निर्वासितांचा कायदा कराल तेव्हा ज्या गावात वसवणार त्या ग्रामसभेचं मत त्यात कुठे असेल?

महालकर
मास्तर, याला माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. मुद्दा टिपून घेतला.

सुभाष रोडवाला
मास्तरांचं ऐकून मी माझ्याच मतावर जास्त पक्का झालो. आधी आपल्या माडियाचं पाहा, मग पाहुण्यांचं.

मूलचेरा मास्तर
माझ्या वर्गातली ती मुलं पाहुणे नाहीत सुभाषजी. इथेच जन्मलीत.

जरीपटका बॉय
वाद चालू द्या, एक कामाचं विचारतो. मोठ्या मामांच्या अर्जात तिकडचं नागरिकत्व दाखवणारा कागद लागतो. त्यांचा स्वतःचा पासपोर्ट भिजून गेला आहे, फोटोही दिसत नाही. आजोबांचं जुनं ओळखपत्र आहे, उर्दूतलं. चालेल का?

कोर्टाची पायरी
सीएएच्या मार्च २०२४ च्या नियमांत आईवडील, आजीआजोबा किंवा पणजोबांपैकी कोणी त्या देशाचं नागरिक होतं हे दाखवणारा कागद चालतो. त्यामुळे ओळखपत्र उपयोगी पडेल, भाषांतर करून जोडा. समाजाच्या स्थानिक मान्यवर संस्थेचं पात्रता प्रमाणपत्रही लागतं. जिल्हा समितीचे प्रमुख पोस्टाचे अधीक्षक असतात, कलेक्टर नव्हे. लोक अजून कलेक्टर ऑफिसला चकरा मारतात, कारण डिसेंबर २०१६ मध्ये ज्या सोळा जिल्ह्यांच्या कलेक्टरांना नागरिकत्वाचे अधिकार दिले त्यात नागपूर होतं आणि तेच डोक्यात बसलंय.

जरीपटका बॉय
आणि लहान मामा?

कोर्टाची पायरी
२०१४ ची तारीख ज्यांना एरवी बेकायदा धरलं असतं त्यांच्यासाठी आहे. ते व्हिसावर आले आणि मुदतवाढीत कधी खंड पडला नसेल तर त्यांची फाईल वेगळ्या कलमाखाली जाईल. खंड आहे का?

जरीपटका बॉय
आहे. लॉकडाऊनमधला.

कोर्टाची पायरी
मग सप्टेंबर २०२५ चा सूट देणारा आदेश लावून बघावा लागेल. ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्यांना पासपोर्ट-व्हिसाची मुदत संपल्याच्या कारवाईतून तो वाचवतो, नागरिकत्व मात्र देत नाही. मामींची निळी फाईल घेऊन या. झेरॉक्स नकोत, मूळ कागद आणा.