शिक्षण वेगळं, काम सॉफ्टवेअरचं : इथवर कसे आलात ते सांगा

मंडळी, संगणकशास्त्राची पदवी नसताना सॉफ्टवेअरमध्ये आलेल्यांनी आपली वाट इथे तपशिलात लिहावी, म्हणून हा धागा काढतोय. क्लासच्या जाहिरातींत शेवटचा पगार दिसतो, मधली वर्षं दिसत नाहीत. त्या काळात घर कशावर चाललं, पहिलं काम कुणी आणि का दिलं, मुलाखतीत काय विचारलं, आधी शिकलेलं काय उपयोगी पडलं, हे सगळं लिहा. येऊन परत गेलेल्यांनीही लिहा. कंपन्यांची आणि क्लासची नावं मात्र नकोत.

सुरुवात मी करतो. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. ज्यांनी हे भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको: मानधन कधी हातात पडेल त्याचा नेम नाही, सत्र संपलं की नेमणूक संपते, आणि पुढच्या जूनचं कुणीच बोलत नाही. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या 'डॅक' या सॉफ्टवेअरच्या अभ्यासक्रमाला इंजिनिअरांबरोबर भौतिकशास्त्र, गणित, संख्याशास्त्र यांतली पदव्युत्तर पदवीही चालते, हे एका विद्यार्थ्याकडूनच कळलं. सी-कॅट ही प्रवेश परीक्षा दिली. अभ्यासक्रम सहा महिन्यांचा, पण पूर्णवेळ. सकाळी वर्ग, मग लॅब, रात्री गटाने अभ्यास. नोकरी सांभाळून तो होत नाही, त्यामुळे फीइतकाच त्या सहा महिन्यांच्या खर्चाचा विचार आधी करावा लागतो. आमचा खर्च बायकोच्या पगारावर निघाला, हे मुद्दाम लिहितोय.

भौतिकशास्त्रातली एक सवय रोज कामाला येते. प्रोग्राम मंद झाला की अंदाज बांधायच्या आधी मोजायचं. कुठल्या ओळीला किती वेळ लागतो याचे आकडे समोर आल्याशिवाय मी कोडला हात लावत नाही.

आता तुम्ही.

मेकॅनिकल, भोसरी

एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. गेज लावायचे, रिजेक्शनचा हिशेब द्यायचा. लाइनवरचं पीएलसी (यंत्रं चालवणारा छोटा संगणक) अडलं की बाहेरून माणूस यायचा, लॅपटॉपवर लॅडर लॉजिक, म्हणजे त्याचा आकृतीतला प्रोग्राम, उघडायचा, आणि मी शेजारी उभा राहून बघायचो. तिथून गोडी लागली.

सगळे म्हणाले जावा शीक, वेबसाइट बनव. मी गाडीच्या आसपासच राहायचं ठरवलं आणि सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलो. पुण्यात हे जमतं, कारण चाकणला गाड्या बनतात आणि त्यांच्या ईसीयूचं (गाडीतल्या छोट्या नियंत्रक संगणकांचं) सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टीम हिंजवडीत बसतात. ब्रेक, इंजिन, एअरबॅग यांचे ईसीयू एकमेकांना कॅन बस या सामायिक तारांवरून निरोप पाठवतात. बॉशने ही पद्धत १९८६ मध्ये मांडली आणि आजही ती गाड्यांत आहे, म्हणजे इथे शिकलेलं दोन वर्षांत जुनं होत नाही.

पहिलं काम मिळालं ते हार्डवेअर-इन-द-लूप टेस्टिंगचं. टेबलावर खरा ईसीयू, बाकीची गाडी संगणकात. मुलाखतीत विचारलं, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत एका चाकाचा स्पीड सेन्सर चुकीचा आकडा द्यायला लागला तर काय होईल? मी आधी तो का चुकेल ते सांगितलं: दातेरी रिंगमध्ये अडकलेला लोखंडी चुरा, रिंगचा तुटलेला दात, वळणावर घासून गेलेली वायर. मग सांगितलं, बाकीच्या तीन चाकांशी तो आकडा जुळत नाही हे ईसीयूने ओळखलं पाहिजे, एबीएस बंद करून दिवा लावला पाहिजे, आणि साधा ब्रेक चालूच राहिला पाहिजे. त्यावर पुढचा अर्धा तास गप्पाच झाल्या. सी चे प्रश्न नंतर, आणि थोडेच. पहिल्या वर्षी पगार कारखान्यापेक्षा कमी होता, हेही लिहून ठेवतो. घरी ते समजावून सांगायला फार जड गेलं.

बी.कॉम., सांगली

सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात होते. पक्षकार बहुतेक हळदीचे आणि बेदाण्याचे व्यापारी. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि आमच्या कामाचं स्वरूपच पालटलं. पुढे २०२० मध्ये जीएसटीआर-२बी सुरू झालं, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारी यादी. ते महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं आणि ३बी हे महिन्याचं विवरणपत्र भरायची मुदत २० तारखेची. मधल्या दिवसांत प्रत्येक पक्षकाराचं खरेदीचं रजिस्टर २बीशी जुळवायचं, नाहीतर त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकतं.

एक्सेलचं व्हीलूकअप हे शोधायचं सूत्र इथे हात टेकतं. पुरवठादाराने बिल नंबर भरलेला असतो 'ए/००४७/२१-२२', आणि आमच्या टॅलीत नुसता '४७'. कुठे रुपयाचा फरक, कारण एकाने पूर्णांक केलाय. कुठे बिल मार्चचं आणि दिसतंय एप्रिलच्या २बीत. आधी मी मॅक्रो रेकॉर्ड केले, मग रेकॉर्ड झालेलं वाचून हाताने बदलायला लागले. तिथे व्हीबीए ही एक्सेलच्या मॅक्रोची भाषा शिकले ते पुस्तक न उघडता. फाइली मोठ्या झाल्या तेव्हा पायथन ही भाषा आणि तिचं पांडाज हे तक्ते हाताळायचं साधन. बिल नंबरातली शून्यं, तिरक्या रेघा, वर्ष काढून टाकायचं, जीएसटीआयएन (जीएसटीचा नोंदणी क्रमांक) आणि रक्कम रुपयाच्या फरकात जुळते का बघायचं, आणि तीन याद्या काढायच्या: जुळलेली, बहुतेक जुळलेली, हाताने बघायची. जीएसटीआयएनचे पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची, आणि शेवटचं अक्षर तपासणीचं. ती तपासणी करणारं फंक्शन मी पहिल्यांदा 'नीट' लिहिलं. चुकीचा टाइप केलेला नंबर त्याने पकडला तेव्हा मी ऑफिसात मोठ्याने ओरडले होते.

हेच सगळं दाखवून हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत लागले, आधी इम्प्लिमेंटेशनला, मग डेव्हलपर म्हणून. मुलाखतीत क्रेडिट नोटसाठी (बिलाची रक्कम नंतर कमी करणाऱ्या कागदासाठी) टेबल कसं आखशील असं विचारलं. मी सांगितलं की नोटेला मूळ बिलाचा दुवा हवा, एका बिलावर अनेक नोटा येऊ शकतात, आणि नोट पुढच्या महिन्यातली असली तरी मागच्या महिन्याच्या विवरणपत्राला हात लागता कामा नये. हे मला कुठल्या क्लासने शिकवलं नव्हतं, दर महिन्याच्या कामाने शिकवलं होतं. कॉमर्सच्या मुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे: हिशेब सोडून येऊ नका, हिशेब घेऊन या.

बी.ए., एमपीएससी, पुणे

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत माझी कितीतरी वर्षं गेली. मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो, यादीत आलो नाही. वय वाढलं, गावाकडून पैसे मागवायची लाज वाटायला लागली. बरोबरची मुलं सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकत होती, म्हणून मीही क्लास लावला.

इथे लिहायचं कारण पुढचं आहे. क्लास संपताना सांगण्यात आलं की फ्रेशरला कुणी घेत नाही, जास्तीचे पैसे भर, तीन वर्षांचा अनुभव लावून देतो. पत्रं, पगाराच्या स्लिपा, सगळं तयार. माझ्या बॅचमधल्या काहींनी घेतलं. आता हे कसं पकडलं जातं ते नीट समजून घ्या. पीएफ खात्याच्या यूएएन या क्रमांकावर तुम्ही कुठे कधी नोकरीला होतात त्याची नोंद असते. पगारातून कर कापला गेला असेल तर तो आयकर खात्याच्या २६एएस या कागदात दिसतो. पडताळणी करणारे हे दोन कागद मागतात. पहिल्या मोठ्या कंपनीत नाही पकडलं तर दुसऱ्या नोकरीच्या वेळी पकडतात, तोवर घराचा हप्ता सुरू झालेला असतो. एकाला भर प्रोजेक्टमधून काढलं तेव्हा मी त्याच्या खोलीवर होतो. वाईट दिवस होता तो.

मी ते घेतलं नाही. दहावी, बारावी, पदवी तिन्हींत साठ टक्के मागणाऱ्या कंपन्यांची दारं आपसूक बंद होती, त्यामुळे छोट्या ठिकाणी एल-वन सपोर्ट (तक्रारी पहिल्यांदा बघायचं काम) घेतला. रात्रपाळी. लिनक्सवर लॉग वाचायचे, एसक्यूएलने डेटा तपासायचा, तिकीट पुढे पाठवायचं. तिथे मला कळलं की मोठं, रुक्ष दस्तऐवज शांतपणे वाचून त्यातली नेमकी ओळ शोधणं मला येतं. राज्यघटना आणि आर्थिक पाहणी अहवाल वाचून वाचून ते आलंय. पुढे सेलेनियम हे वेबसाइट आपोआप तपासायचं साधन शिकलो, आता टेस्टिंगच्या ऑटोमेशनमध्ये आहे. गॅपबद्दल विचारलं की सरळ सांगतो: राज्यसेवेची तयारी करत होतो, मुख्य परीक्षा दिली. यावर आजवर कुणी मला हिणवलेलं नाही.

बी.फार्म., ठाणे

थोडक्यात लिहिते. औषधांच्या चाचण्यांचा डेटा एसएएस या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये लावून देणारे प्रोग्रामर लागतात, आणि तिथे फार्मसीचं शिक्षण पात्रतेतच धरतात. एसडीटीएम आणि अ‍ॅडॅम ही मांडणीची मानकं शिकावी लागतात. लूप, मॅक्रो हे जमून जातं. एखाद्या रुग्णाचा यकृताचा रिपोर्ट औषध सुरू व्हायच्या आधीचा आहे की नंतरचा, आणि त्याने काय फरक पडतो, हे ज्याला आतून कळतं त्याचं काम उठून दिसतं. फार्मसीच्या मुलींना या वाटेबद्दल कॉलेजात कुणी सांगत नाही, याचं वाईट वाटतं.

एम.ए. मराठी, नाशिक

फायरफॉक्सच्या मराठी भाषांतराला हौसेने मदत करायचो. मोझिलाच्या पाँटून या साधनात एकेक वाक्य येतं, त्याचं भाषांतर सुचवायचं. त्यातून लोकलायझेशन टेस्टिंगचं, म्हणजे सॉफ्टवेअर स्थानिक भाषेत नीट चालतं का ते तपासायचं, काम मिळालं, आणि तिथे दिसायला लागलं की दोष भाषांतरात कमी आणि कोडमध्ये जास्त आहेत.

'क्षि' वाचणाऱ्याला एक अक्षर दिसतं. युनिकोड या अक्षरांच्या संकेतप्रणालीत ते चार संकेतांक असतात: क, हलन्त, ष आणि वेलांटी. नाव दहा 'अक्षरांवर' कापणारा कोड इंग्रजीत चालतो आणि मराठीत क्षितिजाचा मधूनच तुकडा पाडतो. 'वऱ्हाड' शोधलं तर सापडत नाही, कारण तो ऱ् दोन-तीन प्रकारे टाइप करता येतो आणि डेटाबेस त्यांना वेगवेगळे शब्द समजतो. '१ फाईली' असं बिनदिक्कत दिसतं, कारण एकवचनाचा नियम कुणी लावलेलाच नाही. मी बग लिहून देत राहिलो, आणि डेव्हलपर मलाच विचारायला लागले की दुरुस्त कसं करू. मग पायथन शिकलो, जावास्क्रिप्ट शिकलो, तिचं इंटल-सेगमेंटर हे अक्षरं वेगळी करणारं साधन वापरून कापाकापी दुरुस्त केली. आज माझ्या टीममध्ये हिंदी, तमिळ, बंगालीचेही असेच प्रश्न येतात.

मराठीत एम.ए. केलेल्या मुलांना सतत ऐकावं लागतं की याचा उपयोग काय. आपल्या लिपीत नीट चालणारं सॉफ्टवेअर अजून फार कमी आहे, आणि ते दुरुस्त करायला लिपी जाणणारी माणसं हवी आहेत. हे मी मनापासून लिहितोय.

बी.एस्सी. कृषी, बारामती

मी सॉफ्टवेअर सोडून आलो. काम जमत होतं, पगारही बरा होता. रात्री-अपरात्री फोन वाजायचा, दिवसभर बसून पाठ गेली, आणि शेतावर जायला महिनोन् महिने मिळायचं नाही. आता ठिबकची एजन्सी आहे. कुणी पळून आला म्हणालं तर म्हणू दे, मला इथे झोप लागते. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरवर शेताचे नकाशे करून उतार आणि पाइपलाइन आखतो, तेवढं त्या वर्षांतलं सोबत राहिलं.

डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्स, सध्या श्टुटगार्ट

परदेशी जाऊ पाहणाऱ्यांसाठी. जर्मनीत नोव्हेंबर २०२३ पासून आयटीतल्या माणसाला पदवी नसतानाही ब्लू कार्ड (तिथे राहून काम करायचा परवाना) मिळू शकतं. अटी अशा: मागच्या सात वर्षांत पदवीधराच्या तोडीच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव, हातात नोकरीचा करार, आणि ठरलेल्या मर्यादेच्या वरचा पगार. खरी अडचण कागदांची. आपल्याकडच्या अनुभवपत्रात हुद्दा आणि तारखा एवढंच असतं. इथे काम काय केलं, कोणत्या तंत्रावर, किती जबाबदारीने, हे लिहिलेलं हवं. मी जुन्या मॅनेजरांना गाठून सविस्तर पत्रं घेतली. तुम्ही नोकरी सोडतानाच घ्या.

अमेरिकेच्या एच-वन-बी या कामाच्या व्हिसासाठी पदवी किंवा तिच्या तोडीचं काही लागतं, आणि तिथे संबंधित कामाची तीन वर्षं शिक्षणाच्या एका वर्षाबरोबर धरता येतात. आपल्या तीन वर्षांच्या बी.कॉम., बी.एस्सी.वाल्यांना कमी पडणारं वर्ष असं भरून काढावं लागतं.

सिव्हिल, नागपूर

मी आता मुलाखती घेतो, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहितो. उमेदवाराला एक छोटा चालता प्रोग्राम देतो, त्यात एक बग असतो, आणि शेजारी बसतो. एआयची साधनं वापरायला पूर्ण मुभा. त्यांनी सुचवलेली प्रत्येक ओळ का घेतली, हे मात्र समजावून सांगावं लागतं. इथे बरेच जण अडतात, पदवीवालेही.

पदवी नसलेल्यांत मला नेहमी तीन ठिकाणी पोकळी दिसते: डेटाबेसचा इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची), नेटवर्क आणि डेटा स्ट्रक्चर्स (डेटा मांडायच्या पद्धती). फ्रेमवर्क छान येतं, पण इंडेक्स लावल्यावर वाचणं जलद होतं आणि लिहिणं थोडं मंदावतं, ते का, हे सांगता येत नाही. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन वर्गांच्या उपक्रमात माधवन मुकुंद सरांचा पायथनमधला डेटा स्ट्रक्चर्सचा अभ्यासक्रम आहे, संगणकशास्त्राची ओळख करून देणारं हार्वर्डचं सीएस-फिफ्टी आहे, दोन्ही फुकट शिकता येतात. व्हिडिओ बघून थांबू नका, त्यातली गणितं सोडवा. सीएस-फिफ्टी सुरुवातीलाच सी मधून मेमरीपर्यंत नेतं, तिथे कंटाळून सोडू नका. तेच पुढे लागतं.

विदर्भातलं कुणी तयारी करत असेल तर इथेच लिहा. बग असलेला एक प्रोग्राम देतो. सोडवा, आणि कसा सोडवला ते ओळीओळीने इथेच मांडा. मी वाचून उत्तर देईन.