लेंटिव्हायरस दिल्यावर पेशींची वाढ मंदावली : परिणाम जनुकाचा की विषाणूचा?

प्रश्न :
फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ए५४९ पेशींत मी लेंटिव्हायरसच्या (पेशीच्या गुणसूत्रात जनुक घालणाऱ्या विषाणूच्या) साहाय्याने एक जनुक घातले. मात्रा दर पेशीमागे १० विषाणुकण अशी होती. चौथ्या दिवसापासून वाढ स्पष्टपणे मंदावली. तुलनेसाठी विषाणू न दिलेल्या पेशी ठेवल्या आहेत. हा जनुकाचाच परिणाम आहे, असे प्रबंधात लिहिता येईल का?

उत्तर १ :
एवढ्यावरून नाही. एका डिशला विषाणू, पॉलिब्रीन (विषाणूला पेशीत शिरायला मदत करणारे रसायन) आणि बहुधा प्युरोमायसिनही (जनुक न पोहोचलेल्या पेशी मारणारे औषध) मिळाले, दुसरीला यांपैकी काहीच नाही. म्हणजे दोन्हींतला फरक केवळ जनुकाचा राहत नाही. व्हेक्टर (जनुक वाहून नेणारा विषाणू), प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) आणि मात्रा तीच ठेवून जनुकाच्या जागी जीएफपी (हिरवे चमकणारे प्रथिन) किंवा, त्याहून चांगले, त्याच जनुकाचे निष्क्रिय उत्परिवर्तित रूप घातलेल्या पेशी तुलनेला हव्यात.

शिवाय १० ही मात्रा या कामासाठी फार आहे. विषाणुकण पेशींवर पॉयसन वितरणानुसार (म्हणजे यादृच्छिकपणे) पडतात असे धरले, तर ०.३ या मात्रेला सुमारे २६ टक्के पेशींतच जनुक पोहोचते, पण त्यांपैकी साधारण ८६ टक्के पेशींत त्याची एकच प्रत असते. बाकीच्या रिकाम्या पेशी प्युरोमायसिनने मरतात, कारण त्याला तोंड देणारे जनुक व्हेक्टरमधूनच येते. (टायटर, म्हणजे विषाणुकणांची संख्या, पी२४ या विषाणूच्या प्रथिनावरून काढला असेल, तर तो आकडा फसवा असतो, कारण त्यात निकामी कणही धरले जातात.)

उत्तर २ :
एकेरी प्रतीनेही सगळे प्रश्न मिटत नाहीत, कारण ती गुणसूत्रात कुठे बसेल हे आपल्या हाती नसते. पॅरिसमध्ये एक्स-एससीआयडी या जन्मजात प्रतिकारशक्तीच्या आजारावरील जनुकोपचारात रेट्रोव्हायरसचा व्हेक्टर कर्करोगाला चालना देऊ शकणाऱ्या एलएमओ२ जनुकाजवळ बसल्याने काही मुलांना ल्युकेमिया झाला होता. तो व्हेक्टर जुन्या धाटणीचा होता आणि आजचे लेंटिव्हायरस त्या मानाने सुरक्षित आहेत. तरीही एकाच क्लोनवरून (एकाच पेशीपासून वाढलेल्या समूहावरून) निष्कर्ष काढू नये, प्युरोमायसिनमधून वाचलेल्या सगळ्या पेशी एकत्र घेऊन प्रयोग करावा. शक्य असेल तर जनुक डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाने चालू-बंद होणाऱ्या प्रमोटरखाली ठेवा, म्हणजे त्याच पेशी स्वतःशीच ताडून पाहता येतील.

उत्तर १ :
मात्र डॉक्सिसायक्लिन मायटोकॉन्ड्रियातील (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातील) प्रथिननिर्मिती रोखते आणि त्यानेही वाढ मंदावू शकते, म्हणून ते तुलनेच्या व्हेक्टरवाल्या पेशींनाही द्यावे लागेल.

प्रश्नकर्ती :
आमच्याकडे जीएफपीचा व्हेक्टर तयार आहे, पण त्याचा प्रमोटर सीएमव्ही आहे आणि माझ्या जनुकाचा ईएफ१-अल्फा. चालेल का?

उत्तर १ :
नाही. सीएमव्ही अनेक पेशींत काही आठवड्यांत मिथिलेशनमुळे (डीएनएवर मिथाइल गट जडल्याने) मंदावतो. मग प्रमोटरचा फरक जनुकाच्या नावावर जमा होईल. ईएफ१-अल्फाखाली जीएफपी असलेला व्हेक्टर नव्याने तयार करा.