ओकवरचे सुरवंट आणि नगरपालिकेची हेलिकॉप्टरने फवारणी: ओंटारिओतील जाणकारांचा सल्ला हवा आहे

अंगणातला ओक:

नमस्कार मंडळी. आम्ही टोरांटोच्या पश्चिमेला, जुनी झाडे राखून वसवलेल्या एका वस्तीत राहतो. घरामागे लाल ओकची दोन मोठी झाडे आहेत आणि कुंपणापलीकडे ओढ्याकाठचे रान सुरू होते. गेल्या उन्हाळ्यात स्पाँजी मॉथ या पतंगाच्या सुरवंटांनी ही दोन्ही झाडे जूनअखेरीस पार बोडकी करून टाकली. दुपारच्या शांततेत पानांचे कुरतडलेले तुकडे आणि सुरवंटांच्या लेंड्या अंगणातल्या टेबलावर टपटप पडत असत, आणि त्यांच्या केसांमुळे धाकट्याच्या हातांवर उठलेले पुरळ बरेच दिवस गेले नाही. जुलैमध्ये झाडांना पुन्हा पालवी फुटली खरी, पण ती विरळ होती आणि पानेही लहान होती.

आता नगरपालिकेचे पत्र आले आहे. हवामान पाहून मे महिन्याच्या उत्तरार्धात, पहाटेच्या वेळी, बीटीके या जैविक कीटकनाशकाची हेलिकॉप्टरने दोन वेळा फवारणी होणार आहे आणि सोबतच्या नकाशात आमची गल्ली हद्दीच्या आत दाखवली आहे. मागची गल्ली मात्र वगळली आहे, आणि ओक तर तिथेही आहेत. थोरल्या मुलाला दमा आहे, त्याच सुमारास सासूबाई पुण्याहून येत आहेत, आणि वाफ्यांत मेथी-कोथिंबीर नुकतीच वर आलेली असेल. राहत्या घरावरून हेलिकॉप्टर औषध टाकत जाणार, हे मनाला पटत नाही. माझे माहेर यवतमाळचे, त्यामुळे बीटी म्हटले की मला कापूसच आठवतो. हे तेच आहे का? मुलासाठी काय काळजी घ्यावी, फवारणीची खरोखर गरज आहे का, आणि हा नकाशा कशावरून ठरवतात, हे कोणी नीट समजावून सांगितले तर फार बरे होईल.

रानवाट:

नमस्कार. मी ओंटारिओमध्येच शहरी झाडांच्या देखभालीचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीत आढळणारा जिवाणू आहे आणि त्याच्या कुर्स्टाकी या उपप्रकाराला बीटीके म्हणतात. आपल्याकडच्या बीटी कापसाशी त्याचे नाते जवळचे आहे, पण वापरण्याची रीत वेगळी. बीटी कापसात या जिवाणूचे जनुक झाडातच घातलेले असते आणि अळीला मारक असलेले प्रथिन हंगामभर झाडात तयार होत राहते. येथे जिवाणूचे बीजाणू आणि त्या प्रथिनाचे स्फटिक पानांवर फवारले जातात. असे पान अळीच्या पोटात गेले की तिथल्या अल्कधर्मी रसात स्फटिक विरघळतात, आतड्याच्या आवरणाला भोके पडतात, अळी काही तासांत खाणे थांबवते आणि काही दिवसांत मरते. माणसाच्या जठरातला रस आम्लधर्मी असतो आणि हे प्रथिन अळीच्या आतड्यात ज्या जागी चिकटते तशा जागा आपल्या आतड्यात नसतात. फवारलेले बीटीके ऊन आणि पाऊस यांनी थोड्याच दिवसांत निकामी होते. बोंडअळीप्रमाणे येथेही सुरवंट सरावतील का, अशी शंका पुढे कोणाला आली तर उत्तर यातच आहे: कापसात अळीची पिढ्यान् पिढ्या त्याच प्रथिनाशी गाठ पडते, येथे उद्रेकाच्या वर्षी वसंतातले थोडेच दिवस.

या अल्प आयुष्यामुळेच वेळेला फार महत्त्व आहे. अंडी साधारण एप्रिलच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत फुटतात. सुरवंट लहान असतानाच बीटीके नीट लागू पडते आणि ओकची पाने थेंब झेलण्याइतकी उलगडलेली असावी लागतात, म्हणून फवारणीसाठी मोजकेच दिवस हाती येतात. पहाटे वारा पडलेला असतो, हवा दमट असते आणि थेंब भरकटत नाहीत. शिवाय रस्त्यावर माणसेही नसतात. दुसरी फवारणी आठवड्याभराच्या अंतराने करतात, कारण सगळी अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत. प्रमाण हेक्टरला साधारण चार लिटर असते. कार धुण्याच्या नळासारखा वर्षाव होईल, असे चित्र मनात असेल तर ते काढून टाकावे. बारीक थेंबांचे धुके झाडांच्या शेंड्यांवर उतरते.

दम्याविषयी आपली काळजी रास्त आहे. ब्रिटिश कोलंबियातील व्हिक्टोरिया परिसरात 1999 मध्ये अशीच हवाई फवारणी झाली, तेव्हा दमा असलेल्या मुलांची आधी आणि नंतर तपासणी करण्यात आली होती. फवारलेल्या भागातील आणि बाहेरच्या मुलांच्या लक्षणांत त्यामुळे फरक पडल्याचे आढळले नाही. तरीही त्या पहाटे खिडक्या बंद ठेवाव्यात, बाहेरची हवा आत घेणारी यंत्रणा तेवढ्यापुरती थांबवावी, दोरीवरचे कपडे आत घ्यावेत आणि फवारणी संपल्यावर निदान अर्धा तास, शक्यतो थेंब वाळेपर्यंत, मुलाला बाहेर पाठवू नये. त्याच्या डॉक्टरांच्या कानावर आधीच घालून ठेवावे. मेथी-कोथिंबीर नेहमीप्रमाणे धुऊन खाण्यास हरकत नाही. बीटीके सेंद्रिय शेतीतही चालते.

नकाशा अंडपुंजांच्या मोजणीवर ठरतो. पाने गळाल्यावर, शरद ऋतूत आणि हिवाळ्यात, ठरलेल्या आकाराच्या तुकड्यांतील झाडांवरचे अंडपुंज मोजतात आणि त्यावरून पुढच्या उन्हाळ्यात किती पाने खाल्ली जातील याचा अंदाज बांधतात. मागच्या गल्लीत ओक असूनही अंडपुंज कमी भरले असतील. हे आकडे मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे आणि ते जरूर मागावेत, कारण फवारणी हवी की नको ही चर्चा आकड्यांशिवाय केली तर ती नुसत्या भीतीवर किंवा नुसत्या विश्वासावर चालते.

डोंगराळ जर्सी:

सीमेच्या या बाजूचे सांगते. न्यू जर्सीमध्ये राज्याचे कृषी खाते मोजणी करते आणि नगरपालिकांना शिफारस करते. फवारणी करायची की नाही हा निर्णय मात्र ज्या त्या नगरपालिकेचा. वस्तीतील रान या योजनेत बसण्यासाठी एकरी सरासरी 500 हून अधिक अंडपुंज आणि किमान 50 एकर क्षेत्र अशी अट असते. एका पुंजात हजारापर्यंत अंडी असू शकतात, हे लक्षात घेतले की त्या आकड्याचा अर्थ कळतो. आमच्या नगरपालिकेच्या सभेत हा विषय आला तेव्हा ज्यांच्या घराशेजारी एकही ओक नव्हता त्यांचा विरोध सर्वांत जोरात होता, आणि मला त्यांचा राग आला नाही. वरून फवारणी म्हटल्यावर लोकांच्या मनात शंका येण्यामागे खरा इतिहास आहे.

हा पतंग मूळचा इथला नाही. रेशमाच्या प्रयोगांसाठी एत्येन त्रूव्हेलो या फ्रेंच गृहस्थाने 1868-69 च्या सुमारास तो युरोपातून मॅसॅच्युसेट्समधील मेडफर्ड गावी आणला आणि त्यातले काही त्याच्या घरामागून निसटले. वीस वर्षांनी त्याच गावातली झाडे निष्पर्ण होऊ लागली. त्याच्याविरुद्ध शिसे आणि आर्सेनिकयुक्त विष झाडांवर मारण्यात आले. पुढे 1957 मध्ये लाँग आयलंडसह ईशान्येकडील मोठ्या प्रदेशावर, घरे, गोठे आणि भाजीचे मळे न पाहता, विमानांतून डीडीटी टाकण्यात आली. लाँग आयलंडच्या रहिवाशांनी त्याविरुद्ध खटला लढवला. 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकण्यास नकार दिला, तरी न्यायमूर्ती डग्लस यांनी आपले वेगळे मत लेखी नोंदवले. तेव्हा पत्र मिळाल्यावर प्रश्न विचारणाऱ्या माणसाला कोणी अडाणी समजू नये. आज बीटीकेसारखे मोजक्या किड्यांपुरते काम करणारे औषध वापरले जाते, त्यात त्या भांडणाऱ्या रहिवाशांचाही वाटा आहे, असे मला मनापासून वाटते.

रुईवरचे पाखरू:

वरची माहिती उपयुक्त आहे, पण एक बाजू राहून गेली. बीटीके मधमाश्यांना, पक्ष्यांना किंवा माशांना मारत नाही हे खरे. मात्र त्या दिवसांत पाने खाणाऱ्या इतर पतंगांच्या आणि फुलपाखरांच्या अळ्यांनाही ते सोडत नाही. मे महिना हा येथील कितीतरी स्थानिक जातींच्या अळ्यांचा काळ असतो, आणि पिल्लांना भरवणारे पक्षी याच अळ्यांवर अवलंबून असतात. आपल्या अंगणात मिल्कवीड असेल, जे आपल्या रुईच्याच कुळातले आहे, तर मोनार्क फुलपाखरे दक्षिण ओंटारिओत मेअखेरीपासून त्यावर अंडी घालू लागतात. उशिरा झालेली फवारणी त्यांना भोवू शकते. न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या पश्चिम उपनगरांत 2002 ते 2004 या काळात दुसऱ्या एका पतंगासाठी याच औषधाच्या फवारण्या पुन्हा पुन्हा झाल्या आणि तेथील रहिवाशांनी डोळे, घसा व श्वास यांच्या तक्रारी मांडल्या. एक-दोन पहाटेच्या फवारण्या आणि महिनोन् महिने चाललेली मोहीम यांत फरक आहेच, पण तक्रारींना कल्पनाविलास म्हणून बाजूला सारणे योग्य नाही.

निसर्गाचाही हात यात असतो. ओंटारिओत 2021 मध्ये सुमारे 18 लाख हेक्टरवरील पाने या सुरवंटांनी खाल्ली आणि पुढच्याच वर्षी तो उद्रेक झपाट्याने ओसरला. या सुरवंटांचा एक विषाणू आहे, जो गर्दी वाढली की पसरतो. आणि एंटोमोफॅगा मैमैगा नावाची बुरशी आहे, जी ओल्या वसंतात त्यांचा फडशा पाडते. म्हणून मी सरसकट विरोध करत नाही, पण फवारणी मोजणीत खरोखर वर आलेल्या तुकड्यांपुरतीच असावी आणि ओढ्याकाठचे रान शक्य तिथे वगळावे, असे माझे ठाम मत आहे.

फक्त आपले दोन ओकच वाचवायचे असतील तर परवानाधारक वृक्षतज्ज्ञाकडून खोडात अ‍ॅझाडिरॅक्टिनचे इंजेक्शन देण्याचा मार्ग कॅनडात उपलब्ध आहे. हे द्रव्य आपल्या कडुनिंबाच्या बियांतून काढतात. ते झाडाच्या आतच राहते, त्यामुळे शेजारच्या फुलपाखरांना धक्का लागत नाही. खर्च अर्थातच आपला.

अंगणातला ओक:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मोजणीचे आकडे मी आजच मागवले आहेत आणि मुलाच्या डॉक्टरांशीही बोलणार आहे. कुंपणाजवळ मिल्कवीडचा एक ताटवा आहे, त्याचा मी विचारच केला नव्हता. आणखी दोन शंका आहेत. गेल्या जुलैत काही सुरवंट खोडावरच मरून लटकलेले दिसले होते. त्याचा अर्थ उद्रेक ओसरतो आहे असा घ्यावा का? आणि फवारणी झाली तरी आम्ही स्वतः काही करावे का?

रानवाट:

जरूर करावे. मेलेला सुरवंट मधल्या पायांनी खोडाला धरून उलट्या व्ही अक्षरासारखा लोंबत असेल तर विषाणू, आणि डोके खाली करून सरळ लटकून वाळला असेल तर बुरशी, असे साधारण ओळखता येते. दोन्ही चिन्हे चांगली आहेत, पण थोड्या प्रेतांवरून निष्कर्ष काढू नये. त्यापेक्षा अंडपुंज पाहावेत. ताजे पुंज फिकट तपकिरी, घट्ट आणि मखमली लागतात; जुने पांढुरके, मऊ असतात आणि त्यांवर बारीक भोके दिसतात. ताजे पुंज मोठे आणि भरघोस असतील तर संख्या अजून चढती आहे. नखाएवढेच असतील तर सुरवंट अशक्त झाले आहेत आणि ओहोटी जवळ आली आहे.

अंडी फुटायला अजून अवधी आहे, म्हणून हाताला लागतील तेवढे पुंज आताच बोथट सुरीने खरवडून साबणाच्या पाण्यात एक-दोन दिवस बुडवून ठेवावेत. नुसते खाली पाडले तर अंडी जमिनीवरही फुटतात. खोडाबरोबरच फांद्यांच्या खालच्या बाजू, कुंपण, बाकांचा तळ आणि पन्हाळीच्या आतला भाग तपासावा. लाकडे दुसरीकडे नेणार असाल तर तीही पाहावीत. या जातीची मादी उडत नाही, पण तिची अंडी गाड्यांवरून आणि सरपणातून लांबचा प्रवास करतात.

मेच्या शेवटी, सुरवंट इंचभर झाले की, छातीच्या उंचीवर खोडाभोवती किंतानाचा रुंद पट्टा गुंडाळावा, मधोमध दोरीने बांधावा आणि वरचा भाग खाली दुमडावा. लहान सुरवंट रात्रंदिवस शेंड्यावरच राहतात. मोठे झाल्यावर ते दिवसा ऊन टाळण्यासाठी खाली उतरतात आणि त्या घडीखाली दडतात. दुपारी हातमोजे घालून ते काढावेत आणि साबणाच्या पाण्यात टाकावेत. हे रोज करावे लागते. फवारणीतून वाचलेल्यांचा बंदोबस्त असा होतो.

निरोगी ओक एक वर्ष, बहुधा दोन वर्षेही, पाने गमावून तग धरतो. स्प्रूस किंवा पाईन मात्र एकदाच पूर्ण बोडके झाले तरी दगावू शकतात. आपल्या ओकवर एक आघात होऊन गेला आहे आणि सलग दुसरा झाला तर अशक्त झाडात खोडकिडे आणि मुळांची बुरशी शिरते, म्हणून आपल्या दोन झाडांपुरते मी फवारणीच्या बाजूचा आहे. उन्हाळ्यात पाऊस ओढ देईल तेव्हा खोडापासून दूर, फांद्यांच्या घेराखाली, सावकाश भरपूर पाणी द्यावे. खत यंदा देऊ नये. मिल्कवीडवर फवारणीच्या आदल्या रात्री पातळ चादर टाकावी आणि थेंब वाळल्यावर ती काढून धुऊन घ्यावी. नक्की तारीख हवामानावर ठरत असल्याने ती बहुधा आदल्या दिवशीच कळते, तेव्हा नगरपालिकेच्या सूचना ईमेलवर येतील अशी नोंदणी आताच करून ठेवावी.