स्पेक्युलेशन चुकलं की सगळं रद्द होतं ना, मग डेटा लीक होतो कुठून?

कोडकिडा: मंडळी एक बेसिक शंका. ब्रांच (कोडमधला 'असं असेल तर इकडे, नाहीतर तिकडे' असा फाटा) कुठे जाणार ते प्रोसेसर अंदाजाने ठरवतो, पुढचं काम उरकून ठेवतो (हेच स्पेक्युलेशन) आणि अंदाज चुकला तर सगळं रद्द करतो, इथवर कळलं. पण रद्दच केलं तर स्पेक्टर-मेल्टडाउनवाल्यांना (याच सवयीचा फायदा घेऊन डेटा चोरणारे दोन हल्ले) चोरायला उरतं काय?? आणि लिनक्समध्ये मिटिगेशन्स (या हल्ल्यांविरुद्धचे बचाव) ऑफ केलं की स्पीड वाढतो म्हणे, लॅपटॉप जुना आहे, करू का?

बिटबहाद्दर: रजिस्टर (प्रोसेसरच्या हाताशी असलेले आकडे) पूर्ववत होतात, कॅश (रॅममधल्या डेटाची जवळ ठेवलेली वेगवान प्रत) होत नाही, मेख तिथेच आहे. समज 256 पानांचा ॲरे आहे, पान 4096 बाइटचं, आणि तो आधीच कॅशमधून काढून टाकलाय. चुकीच्या अंदाजावर धावताना प्रोसेसरने गुप्त बाइट वाचला, समज 83, आणि 83 नंबरच्या पानाला हात लावला, की त्यातली 64 बाइटची लाइन (कॅश एका वेळी आणते तेवढा तुकडा) आली कॅशमध्ये. नंतर अंदाज चुकला, काम रद्द, पण लाइन तिथेच बसलेली! आता सगळी पानं वाचत वेळ मोजायचा, बाकीच्यांना रॅमपर्यंत जावं लागतं म्हणजे शेकडो सायकल, 83 मात्र पटकन हजर. झाला बाइट माहीत, असं एकेक करत पासवर्ड. (पान एवढं मोठं का, तर पुढचा डेटा आधीच आणून ठेवणाऱ्या प्रीफेचरने शेजारचं ओढून आणून घोळ घालू नये म्हणून.)

पाइपलाइनवाला: बरोबर, फक्त दोघांची सरमिसळ नको. मेल्टडाउनमध्ये साधा प्रोग्राम थेट कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) मेमरी वाचतो कारण परवानगीची तपासणी परिणामकारक व्हायला उशीर होतो, ते मुख्यतः इंटेलचं दुखणं, नव्या चिपमध्ये मिटलंय. स्पेक्टरमध्ये ज्याचा डेटा हवा त्याच्याच कोडला फसवून त्याच्याकडून वाचून घेतात, ते प्रेडिक्टरच्या (अंदाज लावणाऱ्या भागाच्या) मुळाशीच आहे त्यामुळे 2018 नंतरही रेटब्लीड वगैरे असेच हल्ले निघतच राहिले.

ऑफ करू नकोस. मेल्टडाउनवरचा बचाव म्हणजे कर्नलचे आणि प्रोग्रामचे पेज टेबल (कुठली मेमरी कुठे आहे त्याचे नकाशे) वेगळे ठेवायचे, त्याचा खर्च कर्नलमध्ये जाता-येता लागतो, म्हणजे डेटाबेस, नेटवर्क असलं काम असेल तर जाणवतो, नुसती आकडेमोड असेल तर जवळपास नाहीच. आणि ब्राउझर उघडलास की परक्याचं जावास्क्रिप्ट तुझ्याच मशीनवर चालतं, उगाच नाही 2018 मध्ये ब्राउझरवाल्यांनी टायमर मुद्दाम ढोबळ केले. एलएससीपीयू (प्रोसेसरची माहिती दाखवणारी कमांड) मारून बघ, खाली प्रत्येक भोकापुढे स्टेटस येतं.

कोडकिडा: मारलं, मेल्टडाउनपुढे मिटिगेशन पीटीआय (तेच वेगळे पेज टेबल) आलंय, वर फ्लॅग्जमध्ये (प्रोसेसरच्या सोयींची यादी) पीसीआयडी पण आहे.

पाइपलाइनवाला: पीसीआयडी आहे मग चांगलंय, पेज टेबल बदलताना दर वेळी टीएलबी (मेमरीच्या पत्त्यांची छोटी कॅश) पूर्ण रिकामा करावा लागत नाही. राहू दे चालू.

कोडकिडा: ओके. पण अंदाज पक्का होईपर्यंत कॅशला हातच लावू नये असं हार्डवेअरमध्येच का नाही करत?

बिटबहाद्दर: केलंय की, इनव्हिझिस्पेक नावाचा पेपर आहे 2018 चा, अंदाजावर आणलेला डेटा वेगळ्या बफरमध्ये ठेवायचा आणि पक्कं झाल्यावरच कॅशमध्ये दिसू द्यायचा. पण मग तोच डेटा बऱ्याचदा पुन्हा आणून पडताळावा लागतो, म्हणजे ज्या स्पीडसाठी अंदाज लावले त्यातला काही परत गेला. शिवाय कॅश झाकली तरी दोन हायपरथ्रेड (एकाच कोअरवर एकत्र चालणारी दोन कामं) एकाच एक्झिक्युशन पोर्टसाठी (आकडेमोडीच्या भागात जायच्या वाटेसाठी) भांडतात त्यावरूनही अंदाज काढता येतो, त्याचं काय करणार.