भितरकनिका : जानेवारीत जावे का, आणि होडीची वेळ कशी ठरवावी?

प्रश्न (पुणेकर_पक्षीप्रेमी)

नमस्कार. ओडिशातील ब्राह्मणी व वैतरणी नद्यांच्या त्रिभुज प्रदेशातले भितरकनिका राष्ट्रीय उद्यान आम्हा उभयतांना माझ्या बहात्तर वर्षांच्या वडिलांसह पाहायचे आहे. कोणार्क एक्स्प्रेसने भुवनेश्वर आणि तेथून गाडीने पुढे, एवढेच सध्या ठरले आहे. जानेवारीचा पहिला किंवा दुसरा आठवडा योग्य ठरेल का? मगरी, पक्षी आणि जमल्यास ऑलिव्ह रिडले कासवे हे सारे एकाच फेरीत पाहता येईल का?

उत्तर १ (सावंतवाडीकर)

नमस्कार. तिकिटे काढण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य तपासा. दर वर्षी जानेवारीत मगरींची गणना होते आणि तेवढे दिवस उद्यान पर्यटकांसाठी बंद असते. तारखा वनविभाग जाहीर करतो. त्या नेमक्या आपल्या दोन आठवड्यांत येण्याचा संभव बराच आहे, म्हणून डिसेंबर किंवा फेब्रुवारी निवडलेला बरा. मे ते जुलै हा मगरींच्या विणीचा काळ असल्यामुळे तेव्हाही प्रवेश मिळत नाही. मादी पालापाचोळ्याचा ढीग रचून त्यात अंडी घालते आणि त्या काळात जवळ आलेल्या कोणावरही धावून जाते.

मगरी मात्र हमखास दिसतात. १९७५ साली येथे संवर्धन प्रकल्प सुरू झाला तेव्हा खाऱ्या पाण्यातील मगरींची संख्या शंभराच्या आत होती. आता ती १८०० च्या आसपास आहे. स्थानिक लोक या मगरीला ‘बउळा’ म्हणतात. काही नर वीस फुटांहून लांब भरतात. होडीच्या काठावर हात टेकवून बसण्याची आपल्याकडची सवय तेथे पूर्णपणे सोडावी, हे मी वडिलांच्या दृष्टीने मुद्दाम लिहीत आहे.

उत्तर २ (खाडीकाठची)

वरील माहितीत भर घालते. तेथे घड्याळापेक्षा ओहोटी महत्त्वाची. हिवाळ्यात पाणी उतरले की उघड्या पडलेल्या चिखलावर मगरी ऊन खात पसरतात. भरतीच्या वेळी तीच खाडी रिकामी वाटते आणि दिवस वाया गेल्याची चुटपुट लागून राहते. आमच्या कोकणात तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तो हिशेब मी आत्मविश्वासाने तेथे लावला आणि साफ चुकला, कारण पूर्व किनाऱ्यावरची वेळ निराळी असते. त्यामुळे आदल्या संध्याकाळी नावाड्यालाच विचारावे आणि तो म्हणेल तेव्हा, मग ती पहाट का असेना, निघावे.

खोला किंवा गुप्ती या प्रवेशाच्या ठिकाणांहून होडीने उद्यानातील डांगमाळला जाता येते. तेथील वनविभागाच्या निवासाचे आरक्षण आधी करावे, कारण इतर सोयी बेताच्याच आहेत. पक्ष्यांच्या बाबतीत अपेक्षा ऋतूप्रमाणे ठेवाव्यात. बगागहन येथील बगळे आणि उघड्या चोचीच्या करकोच्यांची प्रचंड वसाहत पावसाळ्यात भरते, त्यामुळे फेब्रुवारीत तेथील मनोऱ्यावर चढून फारसे हाती लागत नाही. त्याऐवजी खंड्या पाहा. तेथे खंड्यांच्या आठ जाती आढळतात. त्यांपैकी तपकिरी पंखांचा खंड्या महाराष्ट्रात दिसतच नाही. माझ्या मते मगरींपेक्षा तोच या प्रवासाचे खरे कारण ठरावा, पण घरच्यांना हे पटलेले नाही.

पुन्हा पुणेकर_पक्षीप्रेमी

दोघांचेही मनापासून आभार. फेब्रुवारी नक्की करतो. कासवांविषयी कोणी सांगू शकेल का? आणि वडिलांना चालणे कितपत पडेल?

उत्तर ३ (सावंतवाडीकर)

कासवांचा विचार या फेरीपुरता सोडून द्यावा. उद्यानाला लागून असलेले गहिरमाथा हे १९९७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि तेथील अंडी घालण्याच्या किनाऱ्यावर सामान्य पर्यटकांना जाता येत नाही. ओडिशातच पाहायचे असेल तर गंजाम जिल्ह्यातील ऋषिकुल्या नदीचे मुख त्यातल्या त्यात सुलभ आहे, परंतु कासवे केव्हा येतील याचा दिवस आधी सांगता येत नाही. पिल्ले समुद्रात जाताना पाहण्याचीच हौस असेल, तर रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास पुण्याहून कितीतरी जवळ आहे.

चालणे फार नाही, मात्र ओहोटीच्या वेळी धक्क्याच्या पायऱ्या चिखलाने निसरड्या होतात. वडिलांसाठी तळ न घसरणारी पादत्राणे आणि एक काठी बरोबर असू द्या, आणि होडीत चढताना नावाड्याला हात द्यायला सांगा.