बुजरी घोडी पिकअपमध्ये चढत नाही, न मारता कसं शिकवायचं? (मदत हवी आहे)

चोपडेकर

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे सहा वर्षांची काठेवाडी घोडी आहे, कुमैत रंगाची. वडिलांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून घेतली. स्वभावाने इतकी गरीब की खरारा करताना सैल सोडली तरी जागची हलत नाही. ट्रॅक्टर, बँड, लग्नातले फटाके, कशालाच बुजत नाही. पण पिकअपचा फाळका (हौद्याची मागची झडप) खाली पडल्याचा आवाज आला की तिचं सगळं अंग ताठ होतं.

कारण आम्हाला माहीत आहे. यात्रेतून आणताना गाडीवाल्याने मोरखी (तोंडाला बांधायचा दोर) अगदी आखूड बांधली होती आणि हौद्यात नुसता पत्रा होता, खाली काही अंथरलेलं नव्हतं. शिरपूरच्या अलीकडे जोरात ब्रेक लागला, घोडी घसरून गुडघ्यांवर आली आणि उठताना तिचं डोकं वरच्या पाइपला आपटलं. जखमा भरल्या, भीती राहिली.

आता अडचण अशी की ती पुढच्या उजव्या पायाने अधूनमधून लंगडते. तालुक्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढायला सांगितलाय आणि त्यासाठी धुळ्याला न्यावी लागेल. महिनाभर थांबलं तरी चालेल असं ते म्हणाले, त्यामुळे हाताशी वेळ आहे. पण माझी खरी काळजी वेगळीच आहे. उद्या रात्री-अपरात्री तिचं पोट दुखायला लागलं तर? घोड्याला उलटी होत नाही, पोटशूळ हाताबाहेर जायला काही तासही पुरतात. त्या वेळी ती गाडीत चढली नाही तर आम्ही काय करणार? म्हणून ती एकदाची चढावी एवढंच मला नकोय. कधीही, कुणीही चढवली तरी ती शांतपणे चढली पाहिजे.

सध्या कुठवर आलोय ते सांगते. चुलतभावाचा पिकअप संध्याकाळी रिकामा असतो. शेताच्या बांधाला मागून लावला की हौदा आणि जमीन जवळजवळ एका पातळीत येतात. रबरी मॅट टाकली आहे. तोबऱ्यात चंदी दाखवली की घोडी येते, पुढचे दोन पाय आत टाकते आणि मान लांब करून खाते. मागचे पाय मात्र बांधावर रोवलेले. मग एकाएकी हनुवटी वर, वरचा ओठ आवळलेला, सगळा भार मागच्या पायांवर, आणि पुढच्या क्षणी ती सुसाट मागे. दोर धरून ठेवला तर मान उंच करते, आणि वर पाइप आहेतच.

घरात दोन मतं आहेत. वडील म्हणतात, मागून दोर लावून चार माणसांनी रेटली की एकदा चढेल आणि मग सवय होईल. गावात एक जुने मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे) आहेत, ते म्हणतात, "मारू नको तिले माय, ती आपेआप येई." मला त्यांचं पटतं, पण आपेआप येईपर्यंत आम्ही नेमकं काय करायचं हे कळत नाही. ज्यांनी असं घोडं प्रत्यक्ष शिकवलंय त्यांनी कृपया सांगावं.

पागा_शहादा

ताई, पहिली गोष्ट, लंगडत्या पायाने चढ-उताराचा सराव चालेल का हे डॉक्टरांना विचारून घ्या. ज्या पायावर भार घेताना दुखतं त्या पायाने ती चढायला नकार देत असेल, तर तो हट्ट नाही. बांधाला गाडी लावून उंची काढून टाकलीत हे फार चांगलं केलंत. जमिनीवरून उडी मारून चढायला लावू नका.

आता मूळ मुद्दा. तुमची घोडी चढत नाही असं तुम्ही म्हणताय, पण मला वाचताना दिसतंय ते वेगळं आहे. पुढचे पाय टाकायला ती तयार आहे. तिला खात्री नाही ती बाहेर पडता येईल याची. मागच्या वेळी ती आत अडकली आणि पडली. म्हणून चंदी संपली की, किंवा पत्रा वाजला की, ती स्वतःच निर्णय घेऊन सुटते. तेव्हा आत कसं न्यायचं हे बाजूला ठेवा. आधी मागे यायला शिकवा, आणि तेही तुमच्या सांगण्यावरून.

गाडीपासून लांब, मोकळ्या जागेत सुरुवात करा. घोडीच्या डाव्या खांद्याशी उभं राहायचं, तोंडासमोर नाही. दोराला पुढच्या दिशेने अगदी हलका ताण द्यायचा आणि तसाच धरून ठेवायचा, झटके द्यायचे नाहीत. तिने नुसतं अंग पुढे झुकवलं तरी त्याच क्षणी दोर सैल सोडायचा. पाऊल टाकेपर्यंत थांबू नका, पहिले काही दिवस तिचा विचारसुद्धा पुरे. ताणाने ती शिकत नाही, ताण सुटतो त्या क्षणी शिकते. उशिरा सोडलात तर ती भलतंच शिकते, उदाहरणार्थ मान वर केली की दोर सुटतो. मग तसंच मागे: छातीवर बोटांचा हलका दाब आणि 'मागं' असा एकच शब्द, एक पाऊल आलं की दाब बंद. एक पुढे, एक मागे, थांब. हे इतकं मुरलं पाहिजे की नुसत्या दोराच्या हालचालीवर ती एकेक पाय उचलेल.

त्यानंतर जाड लाकडी फळी जमिनीवर टाका. तिच्यावरून चालवा, तिच्यावर थांबवा, तिच्यावरून मागे घ्या. पाय टाकल्यावर पोकळ आवाज येतो त्याची ओळख इथेच करून द्यायची. फळीवर ती निवांत उभी राहून लीद टाकायला लागली, रिकामं तोंड चघळायला लागली, मान खाली सोडली, की समजा मुरलं.

मग गाडी. एक पाय आत, आणि तिने ठरवायच्या आधी तुम्हीच म्हणा 'मागं'. परत एक पाय, परत मागे. दोन पाय, मागे. ती जिथे घाबरते त्याच्या एक पायरी अलीकडून दरवेळी तुम्हीच तिला बाहेर काढायचं. थोड्याच वेळात तिचं सुसाट मागे पळणं कमी होतं, कारण दार उघडंच आहे हे तिला कळतं. आणि कधी ती पळालीच तर दोर ओढून धरू नका, तिच्याबरोबर मागे जा. ती थांबली की काही घडलंच नाही असं समजून पुन्हा हलका ताण. ओढाताणीत माणूस हरतोच, आणि तिचं डोकं दुसऱ्यांदा पाइपला लागलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

चंदीबद्दल. तोबरा पुढे नाचवून बोलावू नका. त्याने फक्त मान आत जाते आणि पाय बाहेर राहतात, तुमच्याकडे नेमकं तेच झालंय. पाय टाकल्यानंतर, ती शांत उभी असताना मूठभर द्या. रोज पाव तास खूप झाला. जमलं की तिथेच थांबा, आणखी एकदा बघू म्हणून ताणू नका.

माळरान

आमच्याकडे डोळ्याला पट्टी बांधून चढवतात, पाच मिनिटांत काम होतं. डॉक्टरांकडून गुंगीचं इंजेक्शनही मिळतं. एवढं कशाला?

पशुवैद्य_धुळेपरिसर

पट्टी बांधून घोडी चढते, पण काय शिकते? पट्टी दिसली की पळायचं. पुढच्या वेळी पट्टीसुद्धा बांधू देणार नाही. शिवाय ज्या घोडीने आत तोल गमावलाय तिची नजर काढून घेऊन तिला पुन्हा त्याच जागी उभं करणं मला योग्य वाटत नाही.

इंजेक्शनबद्दल स्पष्ट सांगतो. झायलाझिनसारख्या औषधाने घोडा मान खाली टाकतो, झोपलेला दिसतो, पण त्याचा तोल जातो आणि हात लावताच एकदम लाथही मारू शकतो. चालत्या गाडीत तोल हीच तर त्याची गरज असते. जीव वाचवायचा प्रसंग असेल तर डॉक्टर स्वतः हजर राहून, डोस ठरवून देतील. एक्स-रेला जायला महिना हातात असताना त्याची गरज नाही. कुणाकडून आणून घरी टोचायचा तर विचारही करू नका.

सरावाला पायाची अडचण आहे का, याबद्दल वर विचारलंय ते योग्यच आहे. चालताना डोकं वर-खाली होण्याइतकी लंगडत असेल तर त्या दिवशी फळी नाही, गाडी नाही.

आणखी एक: उजेड. भर उन्हातून अंधारात गेल्यावर घोड्याच्या डोळ्याला सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. ताडपत्री लावलेला हौदा बाहेरून त्याला काळं भोक दिसतो. ताडपत्री काढा आणि सूर्य हौद्याच्या आत पडेल अशी गाडी लावा. तुम्ही संध्याकाळी सराव करताय, तर गाडीची मागची बाजू पश्चिमेकडे हवी.

चोपडेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आमचा बांध पूर्वेच्या अंगाला आहे, म्हणजे संध्याकाळी हौद्यात सावलीच असते. उद्यापासून गाडी भावाकडून सकाळी मागून घेते. डॉक्टरांशी बोलले. सपाटीवर चालायला आणि बांधाच्या पातळीवर पाय टाकायला हरकत नाही म्हणाले, दिवसाआड.

वडिलांनाही शहाद्याच्या दादांचा प्रतिसाद वाचून दाखवला. रेटायचं सध्या तरी थांबलंय.

आता पुढचं विचारते. ती पूर्ण आत गेली असं धरू. फाळका लावताना ती बिथरणार हे नक्की. आणि प्रत्यक्ष रस्त्याला लागल्यावर ती पुन्हा पडू नये म्हणून हौदा कसा तयार करावा?

गाडीवान_दोंडाईचा

ताई, यात्रेच्या दिवसांत घोडे वाहतो म्हणून लिहितो.

खाली नुसती मॅट पुरत नाही, लीद-मूत पडलं की तीही घसरते. मॅटवर जाडसर वाळू आणि वर उसाचं पाचट टाका. तुमच्याकडे पाचटाला तोटा नाही. वाळूने पत्र्याचा आवाजही मरतो, निम्मी भीती तिथेच जाते. लाकडी पट्ट्या आडव्या ठोकल्या तर खुराला पकड मिळते, फक्त खिळ्याचं टोक कुठे वर राहिलेलं नसावं.

दोन्ही बाजूंना बांबू लावून तिच्यापुरती जागा करा, पण आवळून नाही. घोडा तोल सांभाळताना पाय फाकवतो, तेवढी जागा हवीच. छातीसमोर आडवा दांडा, त्याला गोणपाट गुंडाळून. वरच्या पाइपलाही गोणपाट किंवा जुनी गादी बांधा, तिने तिथेच मार खाल्लाय. पशू वाहतुकीचे १९७८ चे नियम आहेत, त्यात घोड्यांसाठी वेगळं प्रकरण आहे: जनावरांच्या मध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू, मागे दोन भक्कम दांडे, सोबत दुसरा माल नाही, वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत, आणि डॉक्टरांचा आरोग्य दाखला. दाखला धुळ्याला जातानाही जवळ ठेवा. यात्रेला नेणार असाल तर ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचंही आधीच विचारून घ्या. तो रोग माणसालाही होतो.

मोरखीचा दोर इतका लांब हवा की तिला मान खाली करून खोकता-फुरफुरता येईल, आणि इतका लांब नको की पाय अडकेल. मान उंच बांधून लांब नेलं तर छातीत घाण साचून फुप्फुसं धरतात. गाठ एका झटक्यात सुटणारी मारा, आणि दोर कापायला विळा केबिनमध्ये ठेवा.

ड्रायव्हरला आधी बजावा. घोड्याचा जास्त भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे अचानक ब्रेक लागला की पहिला मार तिथेच बसतो, आणि तुमच्या घोडीचा तोच पाय दुखरा आहे. वळण यायच्या आधीच वेग कमी, गिअर हळू, खड्डा लांबूनच ओळखायचा.

पहिला प्रवास धुळ्याचा नको. आधी फाळका लावून नुसतं उभं राहायचं, मग इंजिन चालू, मग शेताला एक चक्कर, आणि उतरायला परत तोच बांध. एखादं शांत जनावर तिच्या ओळखीचं असेल तर त्याला आधी चढवून शेजारी ठेवा.

पागा_शहादा

फाळक्याचं मी सांगतो. रोज थोडा थोडा हलवा. आधी ती बाहेर उभी असताना, मग दोन पाय आत असताना, मग पूर्ण आत असताना. नुसती साखळी वाजवायची आणि ती शांत राहिली की चंदी. मग अर्धा उचलून परत खाली. पूर्ण लावला की लगेच उघडा आणि बाहेर घ्या. दार लागलं म्हणजे आता सुटका नाही असं तिला वाटता कामा नये. आणि फाळका लावणारा माणूस नेहमी बाजूला उभा राहील, तिच्या मागे नाही. शेपटीच्या अगदी मागचं तिला दिसत नाही आणि दुगाणी तिथेच बसते.

चोपडेकर

दादा, एक शेवटचं. हे सगळं चालू असताना ती आत बांधलेली असेल की मोकळी? आमच्याकडे आधी मोरखी बांधतात आणि मग फाळका लावतात.

गाडीवान_दोंडाईचा

उलटं करा ताई. मागचा दांडा आणि फाळका लागल्याशिवाय मोरखी बांधायची नाही, तोवर दोर नुसता हातात. उतरवताना आधी मोरखी सोडायची, मगच फाळका उघडायचा. बांधलेल्या घोडीला मागे उघडं दिसलं की ती मागे रेटते, दोर ताणला की घाबरून आणखी रेटते, आणि मग मोरखी तुटते किंवा घोडी उलटी पडते. गाडीवर कुणीही असो, चुलतभाऊ असो की भाड्याचा ड्रायव्हर, हा क्रम त्याच्याकडून आधी म्हणून घ्या.