उतरत्या ड्राइव्हवेवर ट्रॅव्हल ट्रेलर कसा उभा करावा? मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.

आम्ही डेन्व्हरच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी राहतो. वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर (ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतोय. २२ फुटी, दोन ॲक्सलचा, सामानासकट साधारण ५,००० पौंड. अडचण आहे ती जागेची. ड्राइव्हवे गॅरेजपासून रस्त्याकडे उतरतो, २५ फुटांत २ फूट. रस्त्यापलीकडे शेजाऱ्यांची पोरं बास्केटबॉल खेळत असतात, त्यामुळे ‘राहील हो, काही होत नाही’ हे उत्तर मला नको.

ट्रेलर रिव्हर्समध्येच चढवावा लागणार, नाहीतर ट्रक वर अडकेल. म्हणजे तोंड उताराकडे. लेव्हल करायचा तर पुढचा भाग फूटभर उचलावा लागेल. ट्रेलरचं तोंड उचलणाऱ्या जॅकची एकूण चाल १८ इंच, त्यातली बरीचशी बॉलवरून (ट्रकमागचा गोळा, ज्यावर ट्रेलर अडकतो) सोडवतानाच संपते. खाली ठोकळे रचून उचलू का?

इंग्लंडमधला मावसभाऊ म्हणतो, ‘हँडब्रेक ओढ की!’ त्याच्या कॅराव्हानला आहे, आमच्या या अमेरिकन धुडाला नाही. ऑफिसातला एकजण म्हणाला, ब्रेकअवेची (ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणाऱ्या स्विचची) पिन उपसून ठेव, चाकं जाम होतील. हे बरोबर आहे का?

रानवाटा:
पिनला हात लावू नका. ते ब्रेक ट्रेलरच्या बॅटरीवर धरतात. बॅटरी उतरली की ब्रेक सुटले. ट्रेलर चालू गाडीपासून तुटला तर थांबावा, एवढ्यासाठीच ती सोय आहे.

आणि लेव्हल कशासाठी? आत राहायचंय का? नुसता उभा करायचा असेल तर उताराबरोबर तिरका राहू दे. पावसाचं पाणीही छतावरून निघून जाईल. कपलर (बॉलवर बसणारं ट्रेलरचं तोंड) बॉलच्या जरा वर आला की पुरे. उंच ठोकळ्यांवर, तेही उतारावर, जॅक टेकवणं मला तरी पटत नाही. जॅकने पुढचं वजन पेलायचं, ट्रेलर धरून ठेवायचा तो चाकांनी.

तुमचा उतार ८ टक्के, म्हणजे ओढा साधारण ४०० पौंडांचा. चॉक, म्हणजे चाकांना लावायच्या अडणी, प्लास्टिकचे हलके नकोत, जड रबरी घ्या. चारही चाकांना उताराच्या अंगाने, अगदी टायरला भिडवून. मग ट्रक न्यूट्रलला टाकून पायाचा ब्रेक हळूहळू सोडा, म्हणजे ट्रेलर चॉकवर बसेल. तो बसला की ट्रकचा पार्किंग ब्रेक लावा आणि मगच कपलर उचला. ट्रक-ट्रेलर जोडणाऱ्या साखळ्या मात्र तशाच ठेवा. ट्रक दोन-तीन इंच पुढे घेऊन थांबा. ट्रेलर जागचा हलला नाही तर साखळ्या काढा. हे सगळं होईपर्यंत खालच्या बाजूला पोरंटोरं नकोत.

कोपऱ्यांचे स्टॅबिलायझर (ट्रेलर डुलू नये म्हणून टेकवायचे पाय) सगळ्यात शेवटी, टेकतील इतपतच. त्यांनी ट्रेलर उचलायला जाल तर वाकतील.

हिमगौरी_को:
दोन टायरांच्या मधे बसणारे एक्स-चॉक घ्याच, पण जोडीला म्हणून. थंडीत टायर आकसले की ते सैल पडतात. पहिली कडक थंडी पडली की पुन्हा आवळा. चॉकखाली बर्फ साचू देऊ नका, बर्फावर रबरही घसरतं. आमच्याकडे गॅरेजजवळ काँक्रीटमध्ये कडी बसवून घेतलीय, तिथून ट्रेलरच्या चासीला साखळी. चासीलाच हं! मागचा बंपर पातळ पत्र्याचा असतो, त्याच्यावर विसंबू नका.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. तिरकाच ठेवतो, जॅकचा प्रश्नच मिटला. फक्त एक राहिलं: फ्रिज गॅसवरचा, ॲब्सॉर्प्शनवाला (कॉम्प्रेसरऐवजी उष्णतेवर चालणारा) आहे. सहलीच्या आदल्या रात्री तिरक्या ट्रेलरमध्ये चालवून गार करता येईल का?

रानवाटा:
नको. उतारावर तासन्‌तास चालला तर आतलं द्रावण नीट वाहत नाही आणि कूलिंग युनिट कायमचं बाद होऊ शकतं. सामान घरच्या फ्रिजमध्ये गार करून सकाळी आत टाका. कॅम्पसाइटवर लेव्हल झालात की फ्रिज सुरू करा.